इंगये बाईंचा डबा

इंगळे बाई गेल्याचं मला वर्गातच कळलं. दुपारची सुट्टी संपत आली होती, पहिलीची मुलं ताटल्या धुऊन परतत होती, आणि जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकामागून एक जोडलेले हात येऊन पडत होते. बाळापूरच्या शाळेचा आधार हरपला, शेकडो लेकरांना वाचतं करणारी माउली गेली... माउली! मी फोन पालथा ठेवला. हात जोडले नाहीत. महिना उलटून गेला, अजूनही जोडलेले नाहीत. त्यांच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधीच सांगितलं, माझ्याकडून गोड गोड होणार नाही. चालेल म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

अकरा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या वर्गात पहिली शिकवली. 'अ' तुकडी त्यांची, 'ब' माझी. मी अकोल्याहून एसटीने धापा टाकत पोचायची तेव्हा त्यांच्या वर्गात टाळ्या सुरू झालेल्या असायच्या. भा-क-र, तीन टाळ्या. पा-टी, दोन टाळ्या. पाटी पुसलेली, खडू डब्यात, एकाही पोराच्या हातात पुस्तक नाही. "आधी कान, मग डोळे," असं त्या म्हणायच्या. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी त्यावर चित्रं चिकटवली होती आणि खाली एकेक शब्द लिहिला होता. मुलाने दोन कार्डं काढायची, मोठ्याने म्हणायची आणि शेवटचा आवाज जुळला तर ओरडायचं, "जमते जोडी!" गाडी-माडी, जमते. वाटी-पाटी, जमते. तास संपला की त्या शेवटच्या अक्षराप्रमाणे कार्डांचे गठ्ठे लावून ठेवायच्या. दिवाळीपर्यंत त्यांची पोरं अडखळत का होईना, वाचायला लागायची आणि माझी पोरं बाराखडीचा घोष करत बसलेली असायची. हे मी कबूल करते. मला त्यांचा हेवा वाटायचा, हेही करते. त्यांना लहान दाखवायला मला खोटं बोलायची गरज नाही, खरं पुरेसं आहे.

खरं असं की त्यांच्या वर्गात 'ळ'ची रांग होती. आपल्याकडे ळ जिभेवर टिकतच नाही, त्याचा य होतो. फळ्याचा फया, डोळ्याचा डोया. बाळापूरची पोरं स्वतःच्या गावाला बायापूर म्हणतात आणि बाईंना इंगये बाई म्हणायची. इंगये बाई अशी हाक आली की त्या मान वर करायच्या नाहीत. पोरगं दहा वेळा हाक मारो, लघवीला जायचं म्हणून पाय आवळून उभं राहो... इंगळे म्हटल्याशिवाय उत्तर नाही. आणि ज्याच्या तोंडून वाचताना य निघाला, त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, नीट ळ येईपर्यंत. मुख्याध्यापक हसायचे. मीही चार वर्षं गप्प बसले, कारण रांगेत उभी राहणारी पोरं माझी नव्हती.

मग माझी जुई पहिलीत आली. मी तिला रोज सोबतच नेत होते. आईच्याच वर्गात नको म्हणून तिला 'अ' तुकडीत बसवलं. नवरात्राच्या आसपासची गोष्ट असेल. जुईने डब्यातून दोन कार्डं काढली. एकावर शाळेची इमारत, दुसऱ्यावर वासराला चाटणारी गाय, खाली 'माया'. माझी पोरगी उड्या मारत ओरडली, ते मला भिंतीपलीकडे ऐकू आलं, "शाया, माया! जमते जोडी!" मधल्या सुट्टीत मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. खिचडी निवून गेली होती.

वऱ्हांड्यात मी त्यांना गाठलं. "तुमीच सांगता ना, कानाचं ऐका म्हणून? तिच्या कानाले जे आलं ते तिनं सांगितलं!"

त्या शांत होत्या. त्यांचं बोलणं नेहमी छापल्यासारखं. "उद्या ती पुण्याला जाईल. तिथे शाया म्हणाली तर हसतील तिला."

"हसतील तवा हसतील. तुमी आजच काहून तिच्यावर हसून राहिल्या?"

"मी हसले नाही," त्या म्हणाल्या आणि वर्गात निघून गेल्या. ते खरंच होतं. त्या कधीच हसल्या नाहीत.

जुई त्या वर्षी वर्गात पुन्हा बोलली नाही. वाचायला शिकली, सगळ्यांच्या आधी शिकली, पण ओठ मिटून. पुढे बोलायला लागली ती छापल्यासारखी. आज ती पुण्यात असते, तिच्यावर कुणी हसत नाही. फोनवर मला विचारते, "आई, जेवलीस का? डोळे दाखवलेस का?" मी म्हणते, "दाखवले ना वं, तू कवा येतं?" मग ती "काय म्हणालीस?" असं विचारते, जणू मी परक्या भाषेत बोलले. माझ्या घरातून माझी बोली त्या बाईने नेली. हे मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

जाण्याआधी पंधरा दिवस मी त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात पाहिलं. माझी बडनेऱ्याला बदली झाल्यापासून भेट नव्हती. त्यांच्या भाचीचा फोन आला म्हणून गेले, खरं सांगायचं तर पडलेलं पाहायला गेले. उजवी बाजू लुळी होती. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मले शायेत ने वं..."

भाची म्हणाली, "आत्या आता निरं गावचंच बोलून राहिल्या. डीएडले अमरावतीत होत्या तवा याच्यावरूनच पोरी हसे म्हणते त्याईले. वर्षभर बोल्ल्याच नाही कोनाशी."

हे बाईंनी मला तेव्हा वऱ्हांड्यात सांगितलं असतं तर? तरी मी भांडलेच असते. त्यांनी पुन्हा म्हटलं, "शायेत." आणि मी, पंचवीस वर्षं पहिली शिकवलेली बाई, त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "शाळेत. नीट म्हणा, बाई."

त्यांनी जीभ उचलली. शा... शा... तीनदा प्रयत्न केला. मग मान भिंतीकडे वळवली.

डबा भाचीने मला दिला. आता तो माझ्या वर्गात असतो. त्यातली शाळा आणि माया ही दोन कार्डं मी रबर लावून एकत्र ठेवली. माझ्या वर्गात ती जोडी जमते, कुणी काही म्हणो. मागच्या रविवारी जुई आली होती. सुट्टी म्हणून डबा घरी आणला होता. तिने झाकण उघडलं, कार्डं चाळू लागली. मी चहा गाळता गाळता वाट पाहत होते, ती काय म्हणेल याची.

तिने रबर काढलं. "आई, ही जोडी चुकली आहे गं. हा ळ आहे," ती हळूच म्हणाली, आणि दोन्ही कार्डं आपापल्या गठ्ठ्यात लावून टाकली, अगदी बाई लावायच्या तशी.