ब्रिन हॉस्टेटलरचं मधलं वर्ष

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या शाळेतली बारावीची मुलं रिवाजाप्रमाणे प्रवेश मिळालेल्या कॉलेजच्या नावाचे शर्ट घालून आली, आणि ब्रिन हॉस्टेटलर तिच्या आईचा निळा स्वेटर घालून आली. तिला कुणी काही विचारलं नाही. ओहायोतलं आमचं गाव सभ्य आहे. इथली माणसं तोंडावर काही विचारत नाहीत, सुपरमार्केटात टोमॅटो चाचपता चाचपता आईला विचारतात.

"मग ब्रिन कुठे जाणार?"

"वर्षभर थांबतेय," डॉना सांगायची. ब्रिनची आई. दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, त्यामुळे समोरच्याचं तोंड कधी बंद करायचं हे तिला बरोबर कळतं.

ब्रिननं चौदा कॉलेजांत अर्ज केले होते, सगळे संगीत नाटकाच्या शिक्षणासाठी. गाणं, नाच, अभिनय तिन्ही यायला हवं, आणि एकेका जागेला शेकडो मुलं. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तर समोर जाऊन दीड मिनिटाचं गाणं म्हणायचं. व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी पसंत पडला. समोर गेल्यावर सगळ्यांनी नाही म्हटलं. व्हिडिओवरूनच नाही म्हणालेली धरून चौदाच्या चौदांनी.

मी आर्डिस लँट्झ. शाळेत आणि चर्चमध्ये अडतीस वर्षं पियानो वाजवते. ब्रिनच्या व्हिडिओत पियानो माझा होता, आणि नकार आले तेव्हा सगळ्यात जास्त तोंड मी वाजवलं. परीक्षकांना कान नाहीत, असं मी म्हणाले. त्यांना बारीक कंबरेच्या मुली हव्या असतात, असंही म्हणाले. पोरीचा आवाज असा की चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या घेणारी म्हातारी माणसं ताठ बसायची. हा आवाज नको म्हणजे काय?

ब्रिन मात्र रडत बसली नाही. सकाळी पॅनकेकच्या हॉटेलात काम धरलं, दुपारी नाच. नाचात ती कच्ची, म्हणून पायापासून शिकायचं ठरवलं, आणि गावात पायापासून शिकवणारा वर्ग एकच. त्यात सगळी नऊ-दहा वर्षांची पिल्लं. त्या रांगेत ही पावणेसहा फुटांची बया.

"तू टीचर आहेस का?" एका चिमुरडीनं तिला विचारलं.

"नाही गं, मी नापास आहे," ब्रिन म्हणाली.

ती चिमुरडी तेव्हापासून तिचा हात सोडेना. स्वतःची अशी चेष्टा करता येणारं माणूस मला आवडतं. ब्रिन मला फारच आवडायची, आणि खरी अडचण तीच होती.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा व्हिडिओच्या तयारीला लागलो. एका कॉलेजनं पियानोची रेकॉर्ड केलेली साथ पाठवली होती, तिच्यावर गायचं होतं. त्यामुळे मला काही काम नव्हतं. मी स्टुलावर हात बांधून बसले. ब्रिननं फोनवरचं बटण दाबलं आणि सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला ती साथीच्या एक मात्रा पुढे होती. कडव्याच्या शेवटी दोन मात्रा. शेवटचा सूर तिनं लावला तेव्हा फोनमधला पियानो अजून वाटेतच होता.

"ही साथ हळू आहे," ती म्हणाली.

साथ हळू नव्हती. 

साथीदाराचं काम काय, तर गाणारा पडू द्यायचा नाही. त्यानं मात्रा खाल्ली तर आपणही खायची. तो पळाला तर पळायचं, तो ओळ विसरला तर गुपचूप पुढच्या ओळीवर जाऊन थांबायचं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि गाणाऱ्यालाही लागत नाही. "आर्डिसबरोबर गाताना कुणी चुकतच नाही," असं गावात म्हणतात, आणि ते ऐकून मी अडतीस वर्षं फुगत आलेय. ब्रिन सातवीत असल्यापासून माझ्या पियानोवर गात होती. मी तिची प्रत्येक खाल्लेली मात्रा तिच्यामागे धावत जाऊन उचलली होती. लय म्हणजे काय हे त्या पोरीला माहीतच नव्हतं, कारण तिची लय माझ्या हातांत होती. कॉलेजांत अनोळखी पियानोवाले बसलेले असतात. ते कागदावर लिहिलंय तेच वाजवतात.

हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि मी काय केलं? गप्प बसले. लाज वाटली, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून टिकटिक करणारं लयीचं यंत्र पियानोवर आणून ठेवलं आणि कागदावर होतं तसं वाजवायला लागले. ब्रिन दर चार ओळींनी धडपडायची. मी म्हणायची, "पुन्हा." ती पुन्हा म्हणायची आणि पुन्हा पडायची. दोन महिने आम्ही हेच केलं.

नोव्हेंबरात एकदा डॉना माझ्याकडे आली. भोपळ्याची गोड पाई भाजून आणली होती, म्हणजे काहीतरी अवघड बोलायचं होतं.

"आर्डिस, मी ब्रिनसाठी दातांच्या कोर्सचा फॉर्म आणलाय. तिनंच आण म्हटलं."

"तिनंच?"

"म्हणते, मागच्या वर्षी मला येत होतं, आता येत नाही. म्हणते, माझ्यातलं काहीतरी गेलंय. रोज तुझ्याकडून आली की गाडीत बसून राहते, घरात येत नाही." डॉनानं पाईवरचा कागद उगाच सारखा केला. "मला तिनं दातांकडे यावं असं वाटत होतं गं. पण असं तोंड पाडून नाही."

मी पाई कापलीच नाही. म्हटलं, उद्या ब्रिनला पाठव.

ब्रिन आली, फाइल उघडायला लागली. मी म्हटलं, बस आधी. आणि सांगून टाकलं. शब्द काही गोड सापडले नाहीत. तू लयीत कच्ची आहेस, पहिल्यापासून. मी तुला सांभाळून घेत आले, म्हणून तुला कळलं नाही. तू बिघडलेली नाहीस, मी फक्त सांभाळायचं बंद केलंय.

तिनं फाइल मांडीवर मिटली.

"पहिल्यापासून म्हणजे? सातवीपासून?"

"हो."

"मग शाळेच्या नाटकात सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले होते, ते?"

"ते तुझ्या आवाजासाठी. आवाज खरा आहे, ब्रिन."

"आणि मागच्या वर्षीचे चौदा?"

 मी पियानोचं झाकण लावलं.

"मिसेस लँट्झ, मी लहान मुलांच्या रांगेत उभी राहून नाचतेय. मला काय येत नाही ते शोधायला मी अख्खं वर्ष घालवतेय. आणि तुम्हाला माहीत होतं!"

"सप्टेंबरपासून माहीत होतं."

"सप्टेंबरला सांगायचं होतं ना मग! मला वाटलं मी वेडी झालेय!"

फाइल तिथेच टाकून ती गेली. दार आपटलं नाही, ते उघडंच टाकून गेली, आणि घरभर गार वारा शिरला. मला वाटलं, संपलं. सोळा दिवस ती आली नाही. त्या सोळा दिवसांत चर्चमध्ये मी इतकं वाईट वाजवलं की पाद्रीसाहेबांनी तब्येतीची चौकशी केली.

सतराव्या दिवशी ती आली ती कोट न काढताच पियानोपाशी उभी राहिली.

"मी अजून रागावलेलीच आहे," ती म्हणाली. "वाजवा. आणि मला पकडायचं नाही. मेले तरी नाही."

तेव्हापासून ती शिकायला लागली. दातकोर्सचा फॉर्म डॉनानं भरला नाही आणि फाडलाही नाही, फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला. ब्रिन पॅनकेकच्या हॉटेलात थाळ्या उचलताना पावलांनी मात्रा मोजायची. गिऱ्हाइकांना वाटायचं पोरीच्या पायाला काहीतरी झालंय. जानेवारीत ती बसनं एकटी शिकागोला गेली. तिथे एका हॉटेलात बरीच कॉलेजं एकाच वेळी मुलं ऐकतात. परत येऊन एवढंच म्हणाली, "दोनदा पडले. बाकी उभी होते."

तिच्या मनात भरलेलं कॉलेज मात्र एकच होतं. गेल्या वर्षीही तेच, या वर्षीही तेच. आमच्यापासून पाच तासांवर. फेब्रुवारीत तिथे समोर जाऊन गायचं होतं. डॉनाला सुट्टी नव्हती, म्हणून मी गाडी काढली. रात्रभर बर्फ पडलं होतं. आम्ही पोचलो, पण त्यांचा पियानोवाला रस्त्यातच अडकला होता. व्हरांड्यात आईबाप आणि मुलं बसलेली. जाड चष्म्याची एक बाई दारातून बाहेर आली.

"माफ करा, तुमच्यात कुणी पियानो वाजवणारं आहे का?"

मी ब्रिनकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. मी उठले आणि त्या बाईला स्पष्ट सांगितलं, ती मुलगी माझ्याकडे शिकते.

"चालेल हो," बाई हसली. "मत आमचं असतं, तुम्ही फक्त वाजवा."

त्या सकाळी मी अकरा मुलांना साथ केली. एका मुलीनं दुसरी ओळ गाळली, मी तिच्याबरोबर तिसरीवर गेले. एका मुलाची मधेच बोबडी वळली, त्याला सूर सापडेपर्यंत मी तोच तुकडा फिरवत बसले. काही ठरवून केलं नाही. हातांना सवय आहे, ते मला विचारत नाहीत.

नवव्या नंबरावर ब्रिन. आत आली, कागद पियानोवर ठेवले, लय हळू गुणगुणून दाखवली. नीट दाखवली. मग अगदी माझ्यापुरतं म्हणाली, "मिसेस लँट्झ. नाही."

सुरुवात सुंदर झाली. परीक्षकांतल्या एकानं पेन खाली ठेवलं, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. गाणं चढायला लागलं तशी तीही चढली, आणि तिथे तिनं मात्रा खाल्ली. एकच. मला ती येताना दिसली होती. माझा डावा हात उचललाही गेला. एक स्वर गाळायचा, बस, जगात कुणाला कळणार नव्हतं. मी तो स्वर वाजवला.

ओळभर आम्ही दोघी दोन रस्त्यांवर होतो. कानाला फार वाईट लागलं ते. मग ब्रिन थांबली, ऐकलं, आणि पुढच्या ओळीला अचूक आत आली. शेवटपर्यंत अचूक. परीक्षकानं पेन पुन्हा उचललं होतं.

परतीच्या वाटेवर  गाडी चालवताना मला सारखं रडू येत होतं आणि बर्फामुळे डोळे पुसायला हात सोडता येत नव्हता.

मार्चच्या शेवटी त्या कॉलेजचा नकार आला. मिझुरीतल्या एका लहानशा कॉलेजनं होकार दिला. त्यांनी तिला शिकागोत ऐकलं होतं. बाकी सगळे नाहीच. मिझुरीत जायचं की आणखी एक वर्ष थांबून मनातल्या कॉलेजला तिसऱ्यांदा धडकायचं, यावर घरात महिनाभर चर्चा चालली. डॉनानं मला विचारलं, मी म्हटलं मला विचारू नका. मुदत संपायला दोन दिवस असताना ब्रिनचा फोन आला.

"एक विचारायचंय. खरं सांगायचं."

"विचार."

"त्या दिवशी दुसऱ्यांना सांभाळलंत का?"

"दोघांना."

तिच्या मागे थाळ्यांचा आवाज येत होता, ती कामावरून बोलत होती.

"आणि मला सांभाळलं असतंत, तर घेतलं असतं त्यांनी?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. अगं त्यांचं आधीच ठरलं होतं, एका मात्रेनं काय होतं, असं काहीतरी. तोंडात आलं होतं माझ्या.

"बहुतेक हो," मी म्हटलं.

ती रडली. मी फोन कानाला धरून बसले. थांब म्हटलं नाही, उगी म्हटलं नाही. मग तिनं नाक ओढलं.

"शिकागोतला पियानोवाला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता," ती म्हणाली. "सँडविच खात होता मधेमधे."

"असतात तसले."

"म्हणजे मिझुरीवाल्यांनी मला एकटीला घेतलंय. नुसतं मला." पुन्हा थाळ्या वाजल्या. "मी तिकडे जातेय, मिसेस लँट्झ. आईला मी सांगते, तुम्ही सांगू नका. ठेवते, सात नंबरचं टेबल ओरडतंय."