रिकामी वाटी

परवा आमच्या लेकीचं, वैदेहीचं डोहाळजेवण झालं. तिच्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिच्या निऱ्यांजवळ इन्सुलिनचा पंप खोचलेला होता. दंडावरच्या सेन्सरवरून रक्तातली साखर ओळखून तो इन्सुलिन कमी-जास्त करतो. खाण्याआधी मात्र त्याला सांगावं लागतं.

तिने एक वाटी उघडली आणि आधी पंपाची बटणं दाबली.

"अगं, मुहूर्त बघतेस का?" मावशीने विचारलं.

"गोड येतंय म्हणून वर्दी देतेय."

सगळ्या हसल्या. माझा हात मात्र नकळत पुढे गेला होता. माझ्याच रक्तातून तिला हे दुखणं आलं, या अपराधी भावनेने हाच हात तिच्या लहानपणापासून तिच्या ताटातलं गोड उचलत आला. काळजी म्हणजे काढून घेणं, एवढंच मला कळलं होतं. हे मुठीएवढं यंत्र तिला खाऊ देत होतं आणि सांभाळतही होतं, तिला आणि पोटातल्या जिवालाही.

"बाबा, राहू द्या," ती म्हणाली आणि शांतपणे खाऊ लागली.

संध्याकाळी तिने फोनवर साखरेची रेघ दाखवली. छोटासा चढ होता, मग सरळ.

वाटीत पेढा होता की बर्फी, हे मला विचारू नका. मी फक्त ती रिकामी झालेली पाहिली.