बीटाचं हाड

सुरीमामाचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. तीस वर्षं मटण विकणाऱ्या माणसाला नाव हवंच कशाला? गिऱ्हाइकाने दारातून ओरडायचं, "मामा, मांडीचं द्या," आणि मामाने गप्पा न थांबवता, खाली न बघता नेमकी सांध्यावर सुरी मारायची. भाजी मात्र त्याने जन्मात विकत घेतली नव्हती. डॉक्टरने दम दिल्यावरही नाही.

अशा माणसावर वल्हांडणाचं, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या सणाचं, जेवण अख्खं शाकाहारी करायची पाळी आली, म्हणजे बघा!

आई नसलेली एकुलती एक मुलगी. तिने पसंत केलेला मुलगा गुणी, मामालाही आवडलेला. पण त्याची आई कट्टर शाकाहारी. खाटकाच्या घरी पाऊल टाकावं लागू नये म्हणून बाईंनी तीन आमंत्रणं टाळली होती. एकदा पाठ दुखली, एकदा गुडघा, तिसऱ्यांदा तर शेजारणीचा गुडघा. चौथ्यांदा निरोप आला, "येते, पण फक्त पाणी घेईन."

"बाबा, त्या जेवल्या तर लग्न ठरलं समजा," मुलगी म्हणाली. "आईचं मन मोडून तो येणार नाही, आणि मीही त्याला ये म्हणणार नाही."

मामाने दोन दिवस दुकान बंद ठेवलं. लिंबू चोळचोळून हात धुतले. पूर्वज गुलामीतून निघाले तेव्हा कणीक फुगायलाही सवड नव्हती, म्हणून वल्हांडणात खमिराचं काही घरात ठेवत नाहीत. दरवर्षी पाव बाहेर जायचा. यंदा पावामागोमाग मटणही गेलं. नवी भांडी आली, नवी सुरी आली आणि मामा वांग्यांसमोर बसला.

"ह्याला हाडच नाही गं. धरायचं कुठे?"

"देठाला धरा, बाबा."

वांगी भरली, बटाटे भाजले, पालक निवडता निवडता मामाचा जीव अर्धा झाला. मग आलं सणाचं ताट. त्यात कडू पाला, खजुराचा गोड गोळा, अंडं आणि एक भाजलेलं हाड मांडायचं. जुन्या काळी कोकराचा बळी देत त्याची आठवण म्हणून ते हाड नुसतं ठेवायचं, खायचं नाही. अंड्याच्या जागी बटाटा बसला. हाडाच्या जागी शाकाहारी लोक बीट ठेवतात, असं मुलीने कुठेतरी वाचलं होतं.

ताटात ते गोल बीट बघून मामाला राहवेना. हाडाच्या जागी चेंडू? तीस वर्षांच्या धंद्याची लाज गेली की! तो सुरी घेऊन तासभर बसला. सांधा कोरला, नळी कोरली, मगजासाठी बारीकसं भोकही पाडलं. वरून गॅसवर भाजलं. असं देखणं हाड त्याच्या दुकानातही कधी निघालं नव्हतं.

संध्याकाळी विहीणबाई मुलाला घेऊन आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पर्स मांडीवर. पाण्याचा पेला आधी स्वतःच्या रुमालाने पुसला. मामाने प्रार्थना म्हटली. मग रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्यात लहान माणसाने विचारायचं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मुलीने तोंड उघडलं, पण आवाज आला विहीणबाईंचा.

"अगं बाई, हे काय?"

हाडाखाली लालभडक ओघळ साचला होता.

"विहीणबाई, बीट आहे ते!"

"मला काय दूधखुळी समजलात? बीटाला सांधा असतो?"

"म्हणजे सांधा नीट जमलाय ना?" मामाच्या तोंडून गेलंच. मुलीने कपाळावर हात मारला.

बाई पर्स काखेत मारून दारापर्यंत पोचल्या. "चल रे," त्या मुलाला म्हणाल्या. तो बिचारा एकदा आईकडे बघे, एकदा हिच्याकडे. मुलीचे डोळे भरून आले.

उपाय एकच होता. पण ताटातलं हाड त्याच्या बापाने खाल्लं नव्हतं, आजोबाने खाल्लं नव्हतं. आणि बीट! त्या मातकट वासानेच त्याला लहानपणापासून मळमळायचं.

"मनाई भाजलेल्या मटणाला आहे," तो वर बघून वाडवडिलांना म्हणाला, "बीटाला कोण विचारतंय!" आणि त्याने हाडाचा कचकन लचका तोडला.

चेहरा असा झाला की जावई पाणी घेऊन धावला. हनुवटीवरून लाल ओघळ नव्या पांढऱ्या शर्टावर उतरला. विहीणबाई दारातूनच बघत होत्या.

"गिळा तरी," त्या म्हणाल्या.

मामाने डोळे मिटून गिळलं.

"आवडत नाही वाटतं?"

"साठ वर्षांत तोंडाला लावलं नव्हतं."

"मग आज कशाला?"

"पोरीचं लग्न मोडत होतं हो," मामा म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं.

विहीणबाई परत आल्या. वाकून हाडाचा वास घेतला, बोटाने दाबून पाहिलं.

"आतून कच्चं आहे. भाजायच्या आधी उकडून घेतात, एवढंही कळत नाही?" त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि ताटली सरकवली. "ते सांध्याकडचं टोक इकडे द्या. तुमच्या एकट्याच्याने नाही संपायचं."

मामाने बाहीने डोळे पुसले, सुरी उचलली आणि खाली न बघता नेमकी सांध्यावर मारली.