दार उघडं ठेवून

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं नेहमीसारखी भांडत नव्हतात. बाबांच्या ऑफिसात माणसं कमी करताहेत, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचा लॅपटॉप एका सकाळी उघडलाच नाही, एवढं तुम्ही सांगितलंत. मग धाकटीने विचारलं, "आजी, मतलब, त्यांच्या बाजूने कोणीच बोललं नाही?" मी जेवणाचा विषय काढला. आजी घाबरली की जेवणावर येते, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. म्हणून आता लिहिते. तुमच्या काकावर अशीच वेळ आली होती आणि त्याच्या बाजूने एक माणूस बोलला होता. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

काका जयपूरबाहेरच्या एका लहान स्टेशनवर स्टेशन मास्तर आहे. खातीपुऱ्याजवळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या समोरच्या घरात त्याच स्टेशनवरचा पॉइंट्समन राहतो. गाडीसाठी रूळ बदलायचं काम त्याचं. त्याची बायको आणि मी कपडे एकाच दोरीवर वाळत घालतो.

एका दुपारी रिकामे डबे हलवताना एक डबा रुळावरून घसरला. कोणाला लागलं नाही. पण रूळ बदलला की त्याला कुलूप घालायचं असतं. ते पॉइंट्समनने घातलं नव्हतं आणि काकाने खात्री न करता गाडी हलवायला परवानगी दिली होती. त्या दिवशी पॉइंट्समन एकटा दोघांचं काम करत होता, कारण दुसरी जागा कित्येक महिने भरलीच नव्हती. दोघंही निलंबित झाले. बडतर्फ होणार, असं सगळे बोलू लागले. बडतर्फी म्हणजे नोकरी जाणार, पेन्शन जाणार आणि हे घरही, कारण तेही रेल्वेचंच.

दोघं एकाच युनियनचे सभासद. चौकशीत आपली बाजू मांडायला बरोबर एक माणूस नेता येतो. युनियनने दोघांसाठी मिळून एकच माणूस दिला, एक निवृत्त गार्ड, मूळचे अकोल्याचे. पूर्वी आमच्याकडे दिवाळीला यायचे, मला काकू म्हणायचे. मला जरा धीर आला. आपला माणूस आहे, असं वाटलं.

पहिल्या दिवशी ते आले आणि दारासमोरच्या खुर्चीवर बसले.

"भाऊ, ऊन येतंय. दार लोटते."

"रहने दीजिए, माताजी."

मी बघतच राहिले. "अहो, मराठीत बोला की."

"केस चलेगा तब तक हिंदी. इधर क्या बात होती है, सामनेवालों को भी समझना चाहिए."

चहासुद्धा घेतला नाही. समोरच्या घरी गेले, तिथेही दार उघडं ठेवलं आणि तिथेही चहा नाकारला.

माझी खरी भीती तिथून सुरू झाली. एका साहेबाने काकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्याने कुलूप घातलं नाही एवढंच म्हण, तू सुटशील." समोरच्यालाही कोणी तरी सांगितलंच असणार की मास्तरने घाई केली म्हण. युनियनचं म्हणणं वेगळं होतं. घडलं ते सांगायचं, माणूस एक होता आणि काम दोघांचं होतं हेही सांगायचं, पण एकमेकांवर ढकलायचं नाही. दोघांपैकी एक जरी फुटला तरी दुसरा संपला.

काका ताटावर बसायचा आणि उठायचा. समोरच्या बाईचे कपडे दोरीवरून नाहीसे झाले, ती ते खिडकीच्या गजांवर वाळवू लागली. दार उघडं असूनही त्या घरातून आवाज येईना. मी शेवटी गार्डभाऊंना हिंदीत विचारलं, समोरच्याने आमच्या मुलाचं नाव घेतलं तर?

"तो भी दोनों को बचाऊँगा."

"और नहीं हुआ तो?"

त्यांनी चप्पल पायात सरकवली. "माताजी, मुझे मत डराइए. मैं पहले से डरा हुआ हूँ."

चौकशीच्या दिवशी दोघं वेगवेगळे निघाले. समोरच्याचा जबाब आधी होता. मी दारात मटार सोलत बसले, ती तिच्या दारात मेथी निवडत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माताजी, मास्टरजी किसका नाम लेंगे?"

"किसी का नहीं," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. "और आपके?"

"वो तो घर में कुछ बोलते ही नहीं."

तिने पुन्हा मान खाली घातली. मी सोललेले मटार पुन्हा सालींत टाकत होते, हे मला उशिरा दिसलं.

संध्याकाळी काकाच्या स्कूटरवरून दोघं परत आले. समोरचा मागे बसला होता. मागोमाग आलेल्या गार्डभाऊंनी दोन्ही दारांच्या मधोमध उभं राहून सांगितलं. मास्तरने घाई केली का, असं समोरच्याला फिरवून फिरवून विचारलं. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "मैं अकेला था, साहब." मग काकाला विचारलं. काका म्हणाला, तो एकटाच होता आणि दोन्ही कामं मीच सांगितली होती.

पुढे निकाल यायला बरेच दिवस लागले. दोघांची पगारवाढ रोखली, काकाची बढती गेली. बडतर्फी टळली. त्या दिवशी गार्डभाऊ आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "काकू, आता टाका चहा. साखर जरा जास्तच घाला." अर्धा कप आमच्याकडे घेतला आणि उरलेला अर्धा समोर घ्यायला गेले.

बाबांच्या ऑफिसात असं दार उघडं ठेवून बसणारं कोणी आहे का, मला माहीत नाही. त्यांना विचारा. इथे अजूनही काकाचा फोन अवेळी वाजला की माझ्या हातातलं निसटतं.

काका आज ड्यूटीवर आहे, समोरचाही आहे. दुसऱ्या पॉइंट्समनची जागा अजून रिकामीच आहे. दोरी तीच आहे आणि तिच्यावर दोन्ही घरांचे कपडे वाळत आहेत.