डिकीतलं रुखवत

आमच्या अण्णांच्या जुन्या व्हॅनमध्ये पाहुण्यांच्या बॅगांना जागा नाही. विमानतळावरून कुणाला आणायचं तर बॅगा ज्याच्या त्याच्या मांडीवर, पण डिकी उघडायची नाही. अण्णांचा, म्हणजे नरसिंहरावांचा, हा कायदा बेंगळुरच्या येलहंक्यातल्या सगळ्या नातलगांना पाठ आहे.

डिकीत एक रॅक आहे. अण्णांनी चिकपेटेच्या बाजारातून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि प्लायवूड आणून तो आईसाठी बनवला. आई, म्हणजे विमला, रुखवत करायची. सुपाऱ्यांचे भटजी, कोरीव खोबऱ्याच्या वाट्या, सप्तपदीचे सात चिमुकले पाट, मण्यांचं तुळशीवृंदावन. बेंगळुरातल्या आपल्या मराठी लोकांत कुठंही लग्न निघालं, की रुखवत मांडायला तिलाच बोलावणं. आधी ती सगळं खोक्यात भरून न्यायची. एकदा खोकं उघडलं तर भटजींची मुंडकी एकीकडे आणि धडं एकीकडे! आई रडली, अण्णा पोट धरून हसले आणि पुढच्याच रविवारी करवत घेऊन बसले. तीन फळ्या, प्रत्येकीला बोटभर कठडा, खाली जुन्या घोंगडीचे तुकडे. टेबलावर मागं मांडायचं ते सगळ्यात वर, पुढं मांडायचं ते सगळ्यात खाली, ही शिस्त मात्र आईची.

तरी रस्त्यात गतिरोधकाचा हंप आला की मागच्या सीटवरून ती कानडीत ओरडायचीच, "निधान री, स्वल्प निधान!" हळू हो, जरा हळू!

"सरी, सरी!" बरं, बरं, असं अण्णा खेकसायचे आणि गाडी मुंगीच्या पावलांनी घ्यायचे. मला तेव्हा हसू आवरायचं नाही.

आई गेली आणि डिकीला कुलूप लागलं. "बायको गेलेल्या माणसानं दुसऱ्याच्या मंगल कार्यात तिच्या वस्तू न्यायच्या? लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच," अण्णा म्हणायचे. मला असल्या विचारांची भयंकर चीड येते. मी पुष्कळ भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग आमच्या समोर राहणाऱ्या, पुण्याहून आलेल्या श्यामलाताईंच्या सिद्धीचं लग्न इथंच ठरलं. त्या रुखवत ऑनलाइन मागवायला निघाल्या होत्या. मी त्यांना आईच्या रुखवताचे फोटो दाखवले, तशा त्या तडक अण्णांकडे आल्या. अण्णांना नाही म्हणवेना. पण लग्नाच्या दिवशी हॉलसमोर गाडी लावली आणि ते स्टीअरिंग धरून बसूनच राहिले.

"सुप्रीता, तूच आत ने. मी नाही येत."

तेवढ्यात श्यामलाताई बाहेर आल्या. "काका, चला ना! टेबल रिकामं पडलंय."

"मी नको. माझ्या घरात आता बाई नाही."

"विमलाकाकू सवाष्ण गेल्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्या हातचं रुखवत म्हणजे माझ्या लेकीला आशीर्वाद. आणि मांडायचं कसं ते आम्हाला कुठं ठाऊक?"

सवाष्ण हा शब्दही मला आवडत नाही. त्या दिवशी मी तो माफ केला.

अण्णांनी डिकी उघडली. जन्मात त्यांनी कधी रुखवत मांडलं नव्हतं. आई मांडायची तेव्हा ते बाहेर कॉफी पीत उभे असायचे. आता ते वरच्या फळीपासून एकेक वस्तू काढत गेले. आधी वृंदावन, मग सात पाट, मग वाट्या आणि शेवटी भटजी. काढतील तसं टेबलावर मागून पुढं मांडत गेले आणि टेबल हुबेहूब आईचं झालं. शेवटचा भटजी ठेवून त्यांनी मागं वळून पाहिलं. बरोबर आहे का, हे आईला विचारायला ते वळले होते.

रुखवत दोन दिवसांनी परत आणायचं होतं, त्यामुळे येताना रॅक रिकामाच होता. येलहंक्याच्या वळणावरचा हंप आला आणि अण्णांनी सवयीनं ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबलीच. ते पुढं जाईनात.

"निधान, अण्णा," मी मागच्या सीटवरून म्हटलं. "स्वल्प निधान."

"सरी, सरी!" ते खेकसले, बाहीनं डोळे पुसले आणि गाडी अलगद पुढं घेतली.