आल्याशिवाय निकाल नाही

माणसाच्या माघारी त्याची बाजू घेणारा आमच्या घरमालकांसारखा गृहस्थ उभ्या सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. तोंडावर ते कुणालाही फाडून खात. पण तोच माणूस उंबऱ्याबाहेर पडला, की त्याच्याविरुद्ध अवाक्षर ऐकून घेत नसत. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मी साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात कारकून, बायकामुलं सांगलीला विश्रामबागेत, आणि सुभेदारांच्या माडीवर माझी एक खोली. मी सांगलीला गेलो, की तेवढ्या दिवसांचं भाडं माफ. "रजंवरच्या मानसावर वसुली न्हाई," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर मी कधी फारशी हुज्जत घातली नाही.

नळावर कुणाच्या माहेरी गेलेल्या सुनेचा विषय निघाला, की हे बादली घेऊन मध्ये उभे राहत आणि म्हणत, "ती आली की बोला." मग पाणी जाईपर्यंत नळावर भाजीचे भाव. एकदा दुधाचं पातेलं पालथं झालं आणि सुभेदारांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, मांजरावर आळ घेतला. मांजर घरात नव्हतं, म्हणून चौकशी तहकूब झाली. ते तिसऱ्या दिवशी उगवलं, तोवर काकूंचा राग गेला होता आणि आरोपी निर्दोष सुटला. स्वतःच्या लग्नाबद्दलही सुभेदारांची तक्रार हीच. ते ब्रह्मदेशात लढत असताना वडिलांनी इकडे मुलगी पसंत करून टाकली होती. "एकतर्फी निकाल हाय ह्यो," असं ते काकूंच्या देखत सांगत, आणि थोडं थांबून म्हणत, "पन अपील न्हाई केलं." काकू पदर तोंडाला लावून आत जात.

मग एकाहत्तरची लढाई आली. लढाईवर असलेल्या शिपायावर सावकाराचा दावा चालवता येत नाही, असा कायदा जुनाच आहे. आमच्या कोर्टात तो फारसा कुणाला आठवत नव्हता. सुभेदारांना तोंडपाठ होता. लोणंदकडच्या एका म्हातारीचा एकुलता पोरगा सरहद्दीवर होता. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं पेठेतल्या एका कापडवाल्याकडून घर गहाण ठेवून पैसे उचलले होते, आणि आता ते घर विकून पैसे मिळावेत म्हणून कापडवाल्यानं दावा लावला होता. सुभेदारांनी कचेरीचे उंबरे झिजवून पोरगा लढाईवर असल्याचा दाखला मिळवला, छातीवर सगळी मेडलं लावली आणि न्यायाधीशांपुढे बूट असे काही आपटले, की माझी दौत कलंडली. "सायेब, शिपाई समोर न्हाई. तवर निकाल न्हाई." साहेबांनी दाखला वाचला आणि शिपाई परत येईपर्यंत दावा तहकूब केला.

लढाई पंधरवड्यात संपली. पोरगा आला नाही, पत्रंही थांबली. दर तारखेला सुभेदार मेडलं लावून येत आणि नवी तारीख घेऊन जात. म्हातारी व्हरांड्यात बसून असे. घराचं काय होणार, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "घराचं काय घिऊन बसलायस, बाबा? दावा चालू हुं दे. दावा चालू झाला म्हंजी माजं पोरगं आलं." एका तारखेला कापडवाल्याच्या वकिलानं विचारलं, की तो आलाच नाही तर? कापडवाल्यानंच वकिलाचा कोट ओढून त्याला खाली बसवलं. सुभेदार म्हणाले, "तारीख द्या, सायेब," आणि साहेबांनी दिली. तेव्हापासून मला तो कापडवालाही आवडू लागला.

आणि एका तारखेला सुभेदार मेडलांशिवाय आले. व्हरांड्यात म्हातारी नव्हती. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सायेब, तहकुबी उठवा." तहकुबी दोनच कारणांनी उठते, शिपाई परतला तर किंवा तो गेल्याची खबर आली तर, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मग सुभेदार दाराकडे वळले आणि म्हणाले, "आत ये रं." कुबडीवर भार देत पोरगा आत आला, आणि त्याची बाही घट्ट धरून म्हातारी. इतके महिने तो पलीकडे कैदेत होता. मी रोजनाम्यात लिहिलं, 'प्रतिवादी हजर'. हे दोन शब्द मी जन्मभर लिहीत आलो. पण त्या दिवशी लिहिताना मला अक्षर दिसत नव्हतं, खोटं कशाला बोलू? कापडवाल्यानं हप्ते बांधून दिले आणि घर राहिलं. संध्याकाळी मी मेडलांचं विचारलं, तर सुभेदार म्हणाले, "आज शिपाईच समोर हुता की. मेडलं कशाला?"

पुढं माझी सांगलीला बदली झाली. काही वर्षांनी सुभेदार गेल्याचं कार्ड विश्रामबागेत आलं. बायको ते वाचून म्हणाली, "भला माणूस, पण जरा चक्रमच होते, नाही?"

"ते समोर नाहीत," माझ्या तोंडून निघून गेलं. "आले की बोल."

ती हसली नाही, मीही हसलो नाही. तो विषय आमच्या घरात अजून तहकूब आहे.