बर्फात आलेल्या बाटल्या

उन्हाळा लागला की पेप्टाइड मागवायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला माझा नियम. नागपूरच्या उन्हात कुरिअरची गाडी दुपारभर उभी राहिली, की खोक्यातल्या बर्फाचं पाणी होतं आणि आतला माल वाया जातो. म्हणून होळीच्या आतच मी सगळं मागवून ठेवते. विकणाऱ्याला आधी फोन करून करून भंडावून सोडते. माल कुठल्या खेपेचा, शुद्धता कोणी तपासली, तपासणीचा कागद त्याच खेपेचा आहे की दुसऱ्याच? जरा शंका आली तर खोकं परत. यामुळे मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

मी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर काम करते. त्या काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांना पेप्टाइडचा थेंब द्यायचा आणि त्या जास्त रंग तयार करतात का ते बघायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा अगदी लहान तुकडा. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पावडर दिसते, बस. पण तिचे नखरे फार! फ्रीझरमधून काढली की लगेच उघडायची नाही. खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर हवेतली ओल आत शिरते. आणि आमच्याकडे एप्रिलात ओल कुठून येणार, तर कूलरमधून. बाहेर सगळं करपलेलं आणि आत वाळ्याच्या ताट्यांतून येणारा भिजका वारा. बाटली उघडण्याआधी मी "कूलर बंद करा!" असं ओरडते आणि घामाघूम झालेले सगळे माझ्याकडे रागानं बघतात. हातमोज्यांशिवाय तर बाटलीला हात लावायचाच नाही. पावडर आपल्याला बाधू नये हे एक कारण. आपल्या हाताचा घाम तिला बिघडवतो, हे त्याहून मोठं.

माझी धाकटी बहीण नागपूरच्याच महाल भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नानंतर तिच्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग आले, मग ओठाच्या कोपऱ्यावर आणि मग कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी. कोड. ते दुखत नाही, खुपत नाही, कोणाला लागत नाही. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेली की बायका तिच्या कपाळाला बोट लावत नाहीत. बाकी सगळ्यांना स्वतः लावतात, आणि तिच्यापुढे कुंकवाची कोयरी धरून गोड आवाजात म्हणतात, "घे वं, तूच लावून घे." शिकल्यासवरलेल्या बायका! ऐकूनच माझ्या मस्तकात तिडीक जाते. ती मात्र हसून लावून घ्यायची. या वर्षी ते हसू संपलं.

एका दुपारी ती थेट प्रयोगशाळेत आली. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात बर्फ, आणि बर्फात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन लहान बाटल्या. इंटरनेटवरून मागवल्या होत्या. त्यांच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. वरचं पेप्टाइडचं नाव मी दोनदा वाचलं. त्याच नावाची बाटली आमच्या फ्रीझरमध्ये होती.

"हे मले विरघळवून दे," ती म्हणाली. "सुई मी घरी टोचून घेईन."

"वेड लागलं का तुले?"

"काहून? तू तं रोज हेच करून राहिली ना!"

"मी बशीत करते. बशीले ना किडनी असते, ना काळीज."

"बशीले हळदीकुंकवाले जा लागत नाही, ताई."

 एक बाटली ठेवून जा, तपासून सांगते, एवढंच म्हटलं. मनात खात्री होती की माल खोटा निघेल किंवा उन्हानं खराब झालेला. खरं सांगायचं तर तो खोटा निघावा म्हणून मी देवाचा धावा केला. प्रयोगशाळेत इतक्या मनापासून मी कधी काही मागितलं नव्हतं. यंत्रातून आलेख बाहेर आला आणि मी तो आमच्या बाटलीच्या आलेखाशी ताडून पाहिला. बाटलीत अगदी तेच पेप्टाइड होतं, आमच्यासारखंच चोख.

तिला खोटं सांगता आलं असतं. बनावट आहे, फेकून दे, असं म्हटलं की विषय संपला असता. पण सगळं जग तिच्याशी गोड आवाजातच बोलतं. त्यात माझी भर कशाला?

ती आली तेव्हा मी कामात होते. "असली आहे," म्हटलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मलाच बघवेना.

"मंग झालं तं!" तिनं डब्यातली दुसरी, सीलबंद बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"काय झालं? पावडर कोणती आहे, एवढंच कळलं. भरताना त्यात जंतू गेले का, तुझ्या अंगात किती द्यायची, हे यंत्राले काय माहीत? रक्तदाब वर गेला, अंगावरचे तीळ काळे पडून वाढून राहिले, तं कोण पाहणार? तो विकणारा? आणि यानं कोड जाईल हे तुले सांगितलं कोणी? चल, त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते सोबत."

"डॉक्टर, डॉक्टर! मलम लावून लावून थकली मी."

ती रडायला लागली. मी पुढे झाले आणि लहानपणी धरायची तशी तिची हनुवटी धरली. ती झटकन मागे सरली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हातांत हातमोजे होते.

"तूही?" ती म्हणाली.

"अगं, हे बाटलीसाठी…" मी ते ओढून काढायला लागले, तर घामानं हातालाच चिकटून बसलेले. मेले निघता निघेनात. तोवर तिनं सीलबंद बाटली परत डब्यात टाकली आणि ती निघून गेली.

मग तिनं माझा फोन उचलला नाही. आईला विचारलं तर म्हणे, शाळेत जाऊन राहिली, पण बोलून नाही राहिली कोणाशी.  डोळ्यांसमोर सारखी ती सुई यायची. तिला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? शेवटी, ज्या मी आयुष्यात कधी हळदीकुंकू केलं नाही, त्या मी अक्षय्य तृतीयेच्या आधी माझ्या हुडकेश्वरच्या घरी गौर मांडली, कॉलनीतल्या बायकांना बोलावलं आणि बहिणीला निरोप पाठवला की कुंकू तू लावायचं.

ती आली. माझ्याशी बोलली नाही, पण कोयरी घेऊन दाराशी उभी राहिली. पहिली बाई आली. बहिणीनं बोट कुंकवात बुडवलं नाही. तिनं हात लांब करून कोयरीच पुढे धरली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "घ्या, तुम्हीच लावून घ्या." मग दुसरीला तसंच, तिसरीला तसंच. एकीनंही 'तूच लाव' म्हटलं नाही. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या, डाळ छान झाली म्हणाल्या आणि गेल्या.

घर रिकामं झाल्यावर तिनं कोयरी माझ्यापुढे धरली, तशीच हात लांब करून. मी ती बाजूला सारली आणि मान खाली घातली.

"लाव."

तिनं बोट कुंकवात बुडवलं. मग तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलं, आणि मला रडूच फुटलं.

"पुरे वं बाई, कुंकू ओघळून राहिलं," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. तिनं पर्स उघडून ती बाटली काढली. वरचं सील जसंच्या तसं होतं.

"डॉक्टरकडे येशील ना सोबत?"

मी मान डोलावली आणि उघड्या हातानं बाटली घेतली.